तीस दिवसांत काय घडते, काय घडत नाही

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत व्यसनमुक्ती विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षीच्या सभेत अहवालवाचन आटोपल्यावर मागच्या रांगेतील एका वयोवृद्ध देणगीदारांनी उभे राहून आम्हांस प्रश्न विचारला होता. "नेत्रविभागाने किती मोतीबिंदू काढले, किती जणांस दिसू लागले, हे सांगितले. तुमच्या विभागातून किती जण कायमचे सुटले, तेवढे सांगा." आम्ही त्या वेळी दाखल झालेल्यांचा आणि मुदत पूर्ण करून घरी गेलेल्यांचा आकडा सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र त्याहून मोठा होता, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. आजचे हे निवेदन म्हणजे त्या प्रश्नाचे वर्षभर लांबलेले उत्तर आहे.

त्यास आणखी एक निमित्त घडले आहे. विश्वस्त मंडळापुढे एक सूचना विचाराधीन आहे. ज्या रुग्णाने दोन वेळा निवासी उपचार घेऊनही पुन्हा व्यसन सुरू केले, त्यास तिसऱ्या खेपेस धर्मादाय खाट देऊ नये, अशी ती सूचना आहे. सूचना आकसाने आलेली नाही, हे आम्ही जाणतो. खाटा मोजक्या आहेत, प्रतीक्षायादी लांबत चालली आहे, आणि यादीतला नवा तरुण दाराशी ताटकळत असताना जुनाच गृहस्थ तिसऱ्यांदा त्याच खाटेवर यावा, हे कोणासही खुपेल. आम्हांसही खुपते. तरीही ही सूचना स्वीकारू नये, अशी आमची विनंती आहे. ती का, हे सांगण्यासाठी हे तीस दिवस आतून कसे असतात ते आपल्यापुढे ठेवले पाहिजे.

प्रथम पहिल्या आठवड्याविषयी. दारू सोडणे ही निव्वळ इच्छाशक्तीची बाब आहे, असे समाजात सर्रास मानले जाते. रोज सकाळी डोळे उघडताच ज्याला घोट लागतो, त्याच्या मेंदूने वर्षानुवर्षे दारूच्या दडपणाखाली काम करण्याची सवय लावून घेतलेली असते. ते दडपण एकाएकी निघाले की मेंदू उसळतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे चालताना दिसतात, कोणी मारावयास येत आहे असे वाटते, ताप चढतो, नाडी भरधाव पळते. या अवस्थेत वेळेवर उपचार न मिळाल्यास रुग्ण दगावू शकतो. याउलट गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, सोडतानाचा त्रास ज्याला आमचे रुग्ण 'टर्की' म्हणतात, तो पाहवत नाही इतका भयंकर असतो. पण अन्यथा धडधाकट माणसाचा त्यात सहसा जीव जात नाही. लोकांची समजूत नेमकी उलटी असते. गर्दुल्ल्याला रुग्णालयात आणतात आणि दारुड्याला खोलीत कोंडतात.

येथे श्रावणाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आपल्या भागात गटारी अमावास्या झाली की पुष्कळ जण महिनाभर दारूला शिवत नाहीत. ज्यांना ते सहज जमते त्यांच्याविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. परंतु खरोखर व्यसन जडलेला माणूसही घरच्यांच्या समाधानासाठी आणि स्वतःच्या खात्रीसाठी त्याच दिवशी दारू बंद करतो. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आमच्या अपघात विभागात रात्री येणारा फिटचा रुग्ण पुष्कळदा हाच असतो. नातेवाईक सांगतात, "साहेब, ह्यांनी तर चार दिवसांपासून घेतलीच नाही, मग असं कसं झालं?" घेतली नाही, म्हणूनच झाले. आणि ज्याचा महिना निभावतो, तो पुढे अकरा महिने त्या एका महिन्याचा दाखला देत राहतो. "मी श्रावण पाळतो, मी व्यसनी कसा?" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आमच्या समुपदेशकांनी आता प्रश्नावलीतच श्रावणाचा प्रश्न घातला आहे. श्रावणात सोडली का, हे आम्ही विचारीत नाही. श्रावण संपल्यावर पहिल्या आठवड्यात किती घेतली, हे विचारतो.

तेव्हा पहिला आठवडा हा शुद्ध वैद्यकीय उपचारांचा असतो. त्रास सुसह्य करणाऱ्या गोळ्या मोठ्या मात्रेने सुरू करून रोज थोड्या थोड्या कमी करीत आणावयाच्या, आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने द्यावयाची. हे जीवनसत्त्व अत्यंत स्वस्त आहे, पण ते चुकले तर स्मृती कायमची जाऊ शकते. उपाशी दारुड्यास अशक्तपणा आला म्हणून नुसतेच ग्लुकोजचे सलाईन लावणे धोक्याचे आहे, बी-१ आधी किंवा निदान सोबत गेले पाहिजे, ही गोष्ट गावोगावच्या आमच्या डॉक्टर मित्रांना आम्ही पुन्हा पुन्हा सांगत असतो.

आठव्या-दहाव्या दिवशी माणूस ओळखू येईनासा होतो. दाढी केलेली, डोळे स्वच्छ, पोळ्या मागून घेतो, वॉर्डातल्या मावशींना कामात हात लावतो. नातेवाईक भेटावयास येतात आणि म्हणतात, "आता बरे झाले, घरी नेतो. सुगी तोंडावर आली आहे." या टप्प्याविषयी आम्हांस एक जुनी चूक सांगावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी चोवीस वर्षांचा एक मुलगा ब्राऊन शुगरच्या व्यसनासाठी आमच्याकडे दाखल झाला होता. दहाव्या दिवशी त्याची टर्की ओसरली. त्याच आठवड्यात बहिणीचे लग्न होते. आई-वडिलांनी गळ घातली, मुलाने शपथा घेतल्या, आणि आम्ही त्यास घरी पाठविले. पुन्हा घेऊ नकोस, एवढे आम्ही त्यास बजावले होते. जे बजावले नाही ते असे, की दहा दिवस शरीर कोरडे राहिल्यावर त्याची सवय मोडलेली असते. पूर्वी जेवढे सहज पचत होते, तेवढेच प्रमाण आता श्वास थांबवू शकते. लग्नानंतरच्या तिसऱ्या दिवशी तो गेला. महिन्याभराने त्याची आई केसपेपर घेऊन बाह्यरुग्ण विभागात आली. ती भांडावयास आली नव्हती. "डॉक्टर, इथून निघाला तेव्हा तो बरा झाला होता ना?" एवढेच तिने विचारले. आम्ही होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

तेव्हापासून गर्द किंवा तत्सम व्यसनासाठी आलेल्या प्रत्येक रुग्णास आणि त्याच्या घरच्यांना ही गोष्ट दाखल होतानाच सांगितली जाते आणि जाताना पुन्हा सांगितली जाते. काही विश्वस्तांना असे वाटले होते की, जाणाऱ्यास असे सांगणे म्हणजे तो पुन्हा घेणार हे गृहीत धरणे होय. आमच्या मते ते धोक्याचा फलक लावण्यासारखे आहे, आणि घाटातला फलक कोणी दरीत पडावे म्हणून लावीत नाही.

आता उरलेले वीस दिवस. बाहेरून पाहणाऱ्यास ते कंटाळवाणे वाटतील, आणि खरे सांगावयाचे तर ते कंटाळवाणे असतातही. पहाटे उठणे, योगासने, नाश्ता, गटचर्चा, एकट्याने समुपदेशकाशी बोलणे, दुपारी बागेत किंवा स्वयंपाकघरात काम, संध्याकाळी सभा. व्यसनी माणसाच्या आयुष्यातून सर्वांत आधी वेळ नाहीशी झालेली असते. सकाळ केव्हा झाली, जेवण केव्हा झाले, कशाचाच धरबंध उरलेला नसतो. तो आधी जागेवर आणावा लागतो. गटचर्चेत पहिले काही दिवस प्रत्येक जण दुसऱ्यांविषयी बोलतो : बायको कटकट करते, साहेब डूख धरतो, भावाने वाटणीत फसविले. साधारणतः दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस कोणीतरी एक जण प्रथमच 'मी' या शब्दाने वाक्य सुरू करतो. मुलीच्या शाळेची फी प्यायलो, हे एका हवालदाराने पंचवीस जणांसमोर सांगितले, तेव्हा शेजारी बसलेल्या शिक्षकाने मान खाली घातली. त्यानेही तेच केले होते. डॉक्टरच्या तोंडून जे शतदा ऐकून पटत नाही, ते समदुःखी माणसाकडून एकदा ऐकून पटते. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही पट्टीचे मद्यपी, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा उगम झाला. आमच्या संध्याकाळच्या सभेचा धागा तेथवर पोहोचतो.

नेमके तीसच दिवस का, असेही विचारले जाते. या आकड्यात काही जादू नाही. गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात निवासी उपचारांची जी पद्धत आकारास आली, तिची मुदत पुढे अठ्ठावीस दिवसांवर स्थिरावली आणि जगभर तीच रूढ झाली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने 'मुक्तांगण' सुरू केले, तेथील मुदत पस्तीस दिवसांची ठरली. आपण तीस धरले, कारण नोकरदारास महिन्याची रजा मागता येते आणि शेतकऱ्याच्या घरचे महिनाभर कसेबसे निभावून नेतात. म्हणजे ही मुदत सोयीने ठरलेली आहे. तज्ज्ञांचे मत मात्र असे आहे की, उपचारांशी संबंध निदान तीन महिने टिकला नाही, तर परिणाम टिकण्याची आशा थोडी असते. हे तीन महिने खाटेवरच काढले पाहिजेत असे नाही. पण तीस दिवसांनंतर धागा तुटता कामा नये.

ज्यांना माणूस बळजबरीने आणून टाकावा आणि त्याची मुदत वाढवीत राहावे असे वाटते, त्यांच्यासाठी कायद्याचे एक कलम सांगून ठेवतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा व्यसनातून उद्भवणाऱ्या मानसिक स्थितींनाही लागू आहे. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवास धोका ठरत असेल, अथवा स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ झाला असेल, तरच दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून त्यास घरच्यांच्या अर्जावरून दाखल करून घेता येते, आणि तेही प्रथमतः जास्तीत जास्त तीस दिवस. कोंडणे, साखळी घालणे हा गुन्हा आहे. दाराला कुलूप लावून उपचार करणाऱ्या जागा अजूनही आहेत. तेथे माणूस पाठविण्यापूर्वी घरच्यांनी दहा वेळा विचार करावा.

दुसरी विनंती नातेवाईक भगिनींना. 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती एस.टी. स्टँडच्या भिंतींवर आपण पाहिल्या असतील. त्या पुड्यांत काय असते ते कळण्यास मार्ग नसतो. कधी कधी घरचे औषध-दुकानातून डायसल्फिराम मिळवून चहात किंवा आमटीत घालतात. हे औषध खरे आहे. कोपनहेगन येथे येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन हे संशोधक जंतांवरील उपाय म्हणून ते स्वतःवर आजमावीत होते. मद्य घेताच चेहरा तापतो, छाती धडधडते, हा अनुभव त्यांना आला आणि १९४८ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. माणसाला ठाऊक असताना, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून दिले तर हे औषध त्यास आधार देते. न कळत दिले आणि तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. शिवाय ज्या दिवशी त्याला कळते, त्या दिवसापासून तो घरचे अन्न विश्वासाने खात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. किती जण कायमचे सुटले? २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात याविषयी एक गाजलेला लेख आला. व्यसनोपचार घेऊन घरी गेलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के रुग्ण वर्षभरात पुन्हा व्यसन करतात, असे त्यात नमूद आहे. आमचा अनुभव यापेक्षा फार निराळा नाही. ही संख्या ऐकून सभागृहात जी चुळबुळ झाली, ती आम्ही समजू शकतो. पण त्याच लेखात या आजाराची तुलना रक्तदाब, दमा आणि मधुमेह यांच्याशी केली आहे. रक्तदाबाचे किंवा दम्याचे रुग्णही औषध आणि पथ्य सोडतात, पुन्हा आजारी पडतात, आणि त्यांचे प्रमाण व्यसनी रुग्णांपेक्षा कमी नाही. आपल्या मधुमेह विभागात साखर वाढून तिसऱ्यांदा दाखल झालेल्या गृहस्थांना, तुम्ही दिवाळीत लाडू खाल्लेत म्हणून खाट नाही, असे आपण म्हणत नाही. अर्थात मधुमेही माणूस साखर वाढली म्हणून बायकोला मारीत नाही, हेही आम्ही विसरलेलो नाही. या आजारात घरचे होरपळतात. त्यामुळेच त्याविषयी राग येतो, आणि तो राग गैर नाही.

एका रुग्णाविषयी सांगतो. त्यांच्या पत्नीची तशी परवानगी आहे. हे गृहस्थ यंत्रमागावर काम करतात आणि आमच्याकडे तीन वेळा दाखल झालेले आहेत. पहिल्या खेपेनंतर ते तीन आठवड्यांत पुन्हा पिऊ लागले. आमच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे तीनदा 'पुनर्व्यसन' असा शेरा आहे. चौथ्यांदा दाखल करण्याचा प्रसंग आला, तेव्हा खाट मिळणे अवघड आहे असे आम्ही त्यांच्या पत्नीस सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या पिशवीतून कालनिर्णयाच्या तीन वर्षांच्या दिनदर्शिका घेऊन आल्या. ज्या रात्री नवरा शुद्धीवर घरी आला, त्या तारखेवर त्यांनी पेन्सिलीने बारीक टिंब केले होते. पहिल्या वर्षी टिंबे विरळ होती. दुसऱ्या वर्षी सलग पाच महिने भरलेले. तिसऱ्या वर्षी गणपतीपासून पुढच्या पाडव्यानंतरपर्यंत एकही तारीख रिकामी नव्हती. मग मिल बंद पडली आणि टिंबे थांबली. त्या काळात थोरल्या मुलीची दहावी पार पडली होती, सावकाराचे निम्मे देणे फिटले होते. "साहेब, ह्यांना काही झालंच नाही असं कसं म्हणता?" असे त्या म्हणाल्या. आमच्या नोंदवहीत टिंबांसाठी रकानाच नव्हता. तो आता केला आहे, आणि या अहवालातील तक्त्यात 'व्यसनाविना काढलेले महिने' असा जो नवा स्तंभ आपणांस दिसेल, तो त्या माउलीमुळे आला आहे.

तिसऱ्या खेपेस खाट नाकारली, तर दार बंद होण्याची वेळ नेमकी तीच येईल, जेव्हा माणूस आपल्या पायांनी परत आलेला असतो. त्याऐवजी आम्ही एक पर्यायी सूचना मांडतो. पुन्हा आलेल्या रुग्णास पूर्ण तीस दिवस ठेवण्याची गरज प्रत्येक वेळी नसते. दहा-बारा दिवसांत शरीर सावरून, मागच्या वेळी नेमका कोठे पाय घसरला एवढ्यावरच काम करून त्यास घरी पाठविता येईल. खाट लवकर मोकळी होईल आणि दारही उघडे राहील. यात धोका आहे. लवकर घरी पाठविण्याचे परिणाम आम्ही वर सांगितलेच आहेत. म्हणून ही पद्धत फक्त दारूच्या रुग्णांसाठी, आणि तीही पाठपुराव्याची सोय असेल तरच राबवावी.

आणि ही सोयच आमच्याकडे अपुरी आहे. देणगीदारांना खाट दिसते, खाटेवर नाव कोरता येते. पाठपुराव्यावर नाव कोरता येत नाही. आम्हांस सध्या गावोगाव जाऊन घरभेट देणारा एक पूर्णवेळ समाजसेवक आणि रुग्णांच्या येण्याजाण्याच्या भाड्यासाठी एक लहानसा निधी एवढेच हवे आहे. पुष्कळ आरोग्यविम्यांच्या अटींत व्यसनावरील उपचार वगळलेले असतात, त्यामुळे हा भार घरच्यांवर किंवा आपल्यासारख्यांवर पडतो. केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक असतो, असे त्यात आढळले. आमच्या प्रतीक्षायादीवर जे आहेत, ते या मोजक्यांपैकी आहेत.

शेवटी नातेवाइकांसाठी माहिती. दर मंगळवारी सायंकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या मागील खोलीत घरच्यांची स्वतंत्र बैठक असते. तिला शुल्क नाही, नावनोंदणी नाही. रुग्ण उपचारांस तयार नसला, तरी आपण एकट्याने यावे. रात्री-अपरात्री अडचण आल्यास १४४४६ हा शासनाचा विनामूल्य साहाय्य-क्रमांक आहे. फिट आली, भ्रम झाला किंवा श्वास मंद झाला, तर फोन करीत न बसता थेट अपघात विभागात आणावे. कागदपत्रे मागाहून पाहिली जातील.